आधी नमुना, मग वस्तू : बालरोगतज्ज्ञाच्या नजरेतून रॅपिड प्रोटोटायपिंग

वैद्यकीय मंडळींच्या स्मरणिकेत अभियांत्रिकीचा विषय पाहून काही वाचकांना नवल वाटेल. तथापि आपण दिवसभर ज्या वस्तू हाताळतो, त्यांचा जन्म कसा होतो याची माहिती आपल्याला फारच थोडी असते. लॅरिंगोस्कोपचे पाते, अंबू बॅग, नेब्युलायझरचा मास्क, हायड्रोकेफॅलसचा शंट यांपैकी कोणतीही वस्तू कागदावरच्या आराखड्यातून थेट कारखान्याच्या साच्यात गेलेली नाही. मध्ये एक पायरी असते. कोणीतरी ती वस्तू आधी माती, पुठ्ठा, मेण, लाकूड किंवा प्लास्टिक यांत ओबडधोबड करून पाहतो, वापरतो, मोडतो आणि पुन्हा करतो. या पायरीला आपण नमुना म्हणू. अलीकडे हे नमुने संगणकाच्या साहाय्याने काही तासांत तयार होऊ लागले, त्या पद्धतींना रॅपिड प्रोटोटायपिंग हे नाव मिळाले. या पायरीचा बालरुग्णांशी असलेला संबंध दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नमुन्यांचे ढोबळ मानाने दोन प्रकार पडतात. एक, वस्तू कशी दिसेल आणि हातात कशी बसेल हे दाखवणारा. दुसरा, ती काम कसे करील हे दाखवणारा. पहिल्यासाठी थर्माकोल किंवा शाडूची माती पुरते. दुसऱ्याला रूप नसले तरी चालते, पण त्यातून हवा, पाणी किंवा वीज खरोखरच वाहावी लागते. हे दोन्ही नमुने एकाच वस्तूत साधण्याचा हट्ट फार लवकर धरू नये असे जाणकार सांगतात, आणि ते मला पटते. आपल्याकडे ही समज मुळीच नवी नाही. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तिकार पहिली मूर्ती हाताने घडवतो. ती मनासारखी होईपर्यंत नाक, सोंड, हातांची ठेवण बदलत राहतो. त्यानंतरच तिच्यावरून रबराचा साचा काढला जातो आणि त्या साच्यातून शेकडो मूर्ती निघतात. साचा निघाल्यावर सोंडेचे वळण बदलायचे म्हटले तर साचाच टाकून द्यावा लागतो. प्लास्टिकच्या मास्कचेही तेच. धातूचा साचा एकदा पाडला की त्यातील चूक लाखो मास्कमध्ये उतरते.

कलाभवनातील एक विद्यार्थी

बडोदेकरांना या विषयासाठी दूर जाण्याची गरज नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले आणि त्याची धुरा प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्यावर सोपवली. रंगकाम, सुतारकाम, चित्रकला, यंत्रविद्या असे हाताचे विषय तेथे शिकवले जात. आज दांडिया बाजाराजवळ महाराजा सयाजीराव विद्यापीठाची जी तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा उभी आहे, तिचे मूळ हेच. येथे शिकलेल्यांमध्ये धुंडिराज गोविंद फाळके हे एक नाव आहे. दादासाहेब फाळके म्हणून आपण त्यांना चित्रपटांसाठी ओळखतो. परंतु बडोद्यात त्यांनी चित्रकलेबरोबर वास्तुकला आणि प्रतिकृती घडवण्याचे शिक्षणही घेतले होते. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली आणि तिला सुवर्णपदक मिळाले.

पुढे १९१२ मध्ये चित्रपट काढण्याच्या ध्यासाने ते विलायतेहून कॅमेरा घेऊन परतले. हाती भांडवल नव्हते आणि ‘हलती चित्रे’ या धंद्यावर पैसे लावण्यास कोणी तयार नव्हते. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, कॅमेरा समोर एका जागी ठेवला आणि महिन्याभराहून अधिक काळ त्या रोपाची चित्रे टिपली. बी रुजते, अंकुर फुटतो, वेल चढते, हे सारे मिनिटभराच्या फिल्ममध्ये दिसू लागले. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ती ओळखली जाते. ती पाहिल्यावर कर्ज देणारे पुढे आले, आणि सरस्वतीबाईंच्या दागिन्यांसह जमवाजमव होऊन ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. मला ही फिल्म नमुन्याचे शुद्ध उदाहरण वाटते. कॅमेरा, रसायने आणि स्वतःचा हात यांवर भरवसा ठेवता येईल का, एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर तिने दिले. नट, पोशाख, कथा यांपैकी काहीही तिच्यात नव्हते, आणि त्या प्रश्नासाठी त्यांची गरजही नव्हती.

गडचिरोलीचे मणी

बालरोगशास्त्रात याच जातीचे एक काम महाराष्ट्रात झाले आहे. आपल्या व्यवसायातील तरुण मंडळींना ते ठाऊक असावे म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीला गेले आणि त्यांनी ‘सर्च’ ही संस्था उभारली. लहान मुलांचा न्यूमोनिया हा तेथील मृत्यूंचा एक मोठा भाग होता. खेड्यात क्ष-किरण यंत्र नाही, स्टेथोस्कोप लावणारा डॉक्टर नाही. अशा ठिकाणी निदानाचा आधार श्वासाची गती. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत पन्नास किंवा अधिक, ही मर्यादा आपण सारे पाठ करतो. परंतु बाळाजवळ प्रत्यक्ष पोहोचणारी व्यक्ती म्हणजे गावातील दाई. तिला साठपर्यंत मोजता येत नव्हते आणि मनगटी घड्याळ तर नव्हतेच.

यावर एक मार्ग होता तिला मोजणी शिकवण्याचा. दुसरा मार्ग होता यंत्रच तिच्या मोजणीच्या आवाक्यात आणण्याचा. त्यांनी दुसरा निवडला. त्यांच्या ‘ब्रेथ काउंटर’मध्ये एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आहे आणि मण्यांच्या दोन ओळी आहेत, एक तान्ह्या बाळांसाठी, एक त्याहून मोठ्यांसाठी. घड्याळ उलटे करायचे, दहा श्वास मोजले की एक मणी सरकवायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात करायची. वाळू संपण्याच्या आत त्या ओळीतील शेवटचा मणी सरकला, तर बाळाला न्यूमोनिया समजून उपचार सुरू करायचे. साठ आणि पन्नास हे आकडे दाईच्या डोक्यात नाहीत, ते मण्यांच्या संख्येत बसवलेले आहेत. १९९२ मध्ये या साधनाची माहिती ‘इंडियन जर्नल ऑफ पीडियाट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधी, १९९० मध्ये, गावपातळीवरील न्यूमोनिया उपचारांमुळे बालमृत्यू घटल्याचा त्यांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला होता.

या साधनाकडे अभियंत्याच्या नजरेने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. येथे सर्वांत महत्त्वाचे माप मिलिमीटरमधले नाही. ‘वापरणारी व्यक्ती किती मोजू शकते’ हे ते माप आहे, आणि ते दाईसमोर बसल्याशिवाय हाती लागले नसते. प्रयोगशाळेत बसून बनवलेले काउंटर कदाचित अधिक अचूक आकडा दाखवील. पण तो आकडा वाचायला कोणीतरी लागेल. अर्थात या साधनाच्याही मर्यादा आहेत. रडणाऱ्या किंवा दूध पिणाऱ्या बाळाचे श्वास मण्यांनी मोजले तरी चुकीचेच निघतील.

बाटलीचे बूड आणि एक फट

दुसरे उदाहरण आपल्या ओ.पी.डी.तील. दम्याच्या मुलाला इनहेलर द्यायचे तर स्पेसर हवा. कित्येक घरांत तो विकत घेणे होत नाही, किंवा घेतला तरी पहिल्या उलटीनंतर धुऊन कपाटात जातो. दक्षिण आफ्रिकेत केप टाऊन येथे प्रा. हेदर झार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५०० मिलिलिटरच्या साध्या प्लास्टिकच्या बाटलीचा स्पेसर केला. इनहेलरच्या तोंडाच्या आकाराची तार तापवून बाटलीच्या बुडाला भोक पाडले, त्यात इनहेलर बसवला आणि बाटलीचे तोंड मुलाच्या तोंडात दिले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ५ ते १३ वर्षांच्या मुलांमध्ये चार प्रकारांची तुलना केली होती : बाजारातील स्पेसर, कडा गोंदाने बंद केलेली बाटली, कडा बंद न केलेली बाटली आणि थर्माकोलचा पेला. कडा बंद केलेल्या बाटलीने बाजारातील स्पेसरइतकाच उपयोग झाला. कडा उघडी ठेवलेली बाटली मधल्या स्थानी राहिली. मध्यम व तीव्र अडथळा असलेल्या मुलांमध्ये पेला सर्वांत कमी पडला.

माझ्या दृष्टीने त्या अभ्यासाचे मोल ‘बाटली चालते’ या निष्कर्षाहूनही ‘फट चालत नाही’ या निष्कर्षात अधिक आहे. दोन बाटल्या टेबलावर शेजारी ठेवल्या तर दिसायला सारख्याच. फरक केवळ इनहेलरभोवतीच्या त्या केसाएवढ्या फटीचा. नमुना करून, मोजून पाहिला नसता तर हा फरक कोणाच्या लक्षात आला असता? मी ज्या आयांना ही युक्ती दाखवतो, त्यांना बाटलीपेक्षा कडेच्या बंदिस्तपणावर अधिक वेळ देतो. त्यांपैकी बहुतेकींना स्वयंपाकघरात डब्याचे झाकण घट्ट बसवण्याची सवय असते, त्यामुळे समजावणे सोपे जाते.

थरांची छपाई

आता प्रत्यक्ष रॅपिड प्रोटोटायपिंगकडे वळू. पूर्वी नमुना म्हणजे मोठ्या ठोकळ्यातून नको तो भाग काढून टाकणे, किंवा माती लावत आणि खरवडत जाणे. नव्या पद्धतींत वस्तू थरांनी वाढते. जपानमधील नागोया येथे हिदेओ कोदामा यांनी प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवापासून थर रचण्याची कल्पना १९८१ मध्ये प्रसिद्ध केली. अमेरिकेत चार्ल्स हल यांनी १९८४ मध्ये अर्ज करून १९८६ मध्ये या पद्धतीचे पेटंट मिळवले. तिला स्टिरिओलिथोग्राफी म्हणतात. द्रव राळेच्या पृष्ठभागावर अतिनील किरणांनी आकृती काढली की तेवढाच भाग घट्ट होतो, मग तो थर खाली उतरतो आणि त्यावर पुढचा. टेक्सास विद्यापीठात कार्ल डेकार्ड यांनी द्रवाऐवजी भुकटी घेऊन ती लेसरने सांधली. स्कॉट क्रंप यांनी प्लास्टिकची तार वितळवून पिळण्याची पद्धत काढली. आपल्याकडे शहरांत दिसणारी स्वस्त यंत्रे याच तिसऱ्या जातीची. जिलबीचे पीठ कापडातून कढईत सोडावे, तशी वितळलेली तार थरावर थर पडत जाते. या पद्धतीचे मूळ पेटंट २००९ मध्ये संपले. त्याआधीच, २००५ मध्ये, इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी कोणालाही बांधता येईल अशा यंत्राचा खुला प्रकल्प सुरू केला होता. या दोन कारणांमुळे यंत्रे महाविद्यालयांच्या आणि हौशी माणसांच्या आवाक्यात आली.

वैद्यकीय वापरात आराखडा बहुधा सी.टी. स्कॅनमधून मिळतो. कापांवर हवा तो अवयव रंगवून वेगळा करायचा, त्याचे संगणकात घनरूप तयार करायचे, त्या रूपाचे पुन्हा पातळ थर पाडायचे आणि छापायचे. छापलेले हृदय हातात घेऊन शल्यविशारद जन्मजात दोषातील छिद्र आणि महाधमनी यांचा संबंध आधीच पाहू शकतात. मात्र कापांची जाडी पाच मिलिमीटर असेल तर तान्ह्या बाळाच्या कवटीच्या सांध्यांसारखे बारीक भाग मॉडेलमध्ये एक तर दिसतच नाहीत, किंवा पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. यंत्र कितीही बारीक छापो, मुळात नसलेली माहिती ते आणणार कोठून? शिवाय केवळ सुंदर मॉडेल मिळावे म्हणून बाळाला अधिक किरणोत्सर्ग देणे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही.

मुलांसाठी या तंत्राचे महत्त्व का, हे एका जुन्या हिशोबाने सांगता येते. नळीतून संथ प्रवाह वाहत असेल तर अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. प्रौढाच्या आठ मिलिमीटर व्यासाच्या श्वासमार्गाला सर्व बाजूंनी एक मिलिमीटर सूज आली तर अडथळा सुमारे तिप्पट होतो. बाळाच्या चार मिलिमीटरच्या मार्गाला तेवढीच सूज आली तर तो सोळापट होतो. म्हणून मोठ्यांची वस्तू निम्मी करून मुलांची वस्तू होत नाही. मास्कचेही तसेच. तीन किलोंचे बाळ एका श्वासात सुमारे वीस मिलिलिटर हवा घेते. मास्कच्या आत तेवढीच पोकळी राहिली तर बाळ स्वतःचीच सोडलेली हवा पुन्हा घेत राहते. नाकाच्या सी-पॅपची टोके बाळाच्या नाकपुडीला न जुळल्याने मधल्या पडद्यावर झालेली जखम नवजात विभागात काम करणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेली आहे. मुलांची बाजारपेठ लहान, वजनांचे टप्पे अनेक, त्यामुळे कारखानदार फार तर दोन-तीन मापे काढतो. जे माप साच्यात परवडत नाही, ते थरांच्या छपाईत परवडते, आणि माझ्या मते या तंत्राचे बालरुग्णांना झालेले खरे दान हेच आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मिशिगन विद्यापीठातील आहे. एका बाळाची श्वासनलिका इतकी मऊ होती की श्वास सोडताना ती चपटी होऊन बंद पडे. डॉ. ग्लेन ग्रीन आणि अभियंते स्कॉट हॉलिस्टर यांनी बाळाच्या सी.टी.वरून त्याच्याच श्वासनलिकेच्या मापाची एक खाचदार, एका बाजूने उघडी कमान छापली आणि २०१२ मध्ये ती बाहेरून बसवून नलिका तिला टाक्यांनी ताणून धरली. पदार्थ पॉलिकॅप्रोलॅक्टोन, सुमारे तीन वर्षांत तो शरीरात विरघळून जावा अशी योजना होती, आणि तोवर नलिकेची कूर्चा बळकट होईल अशी अपेक्षा. बाजू उघडी ठेवण्याचे कारण बाळाची वाढ. नलिका मोठी होऊ लागली की कमान उघडत जावी, आवळू नये. २०१३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. वाढ हे मापच ज्या आराखड्यात धरले आहे, तो आराखडा बालरोगतज्ज्ञाला मोहात पाडल्याशिवाय राहत नाही.

तथापि काही सावधगिरी आवश्यक आहे. स्वस्त यंत्रांत वापरली जाणारी पी.एल.ए. ही तार साधारण साठ अंश सेल्सियसलाच मऊ पडते. ऑटोक्लेव्हचे १२१ अंश ती सोसत नाही. छापलेल्या थरांमधील खाचांत जंतू दडतात आणि पुसून जात नाहीत. सर्वांत मोठा धोका मात्र नमुन्याच्या नेटकेपणाचा आहे. पुठ्ठ्याचा नमुना समोर आला की प्रत्येक जण त्यात दोष काढतो. गुळगुळीत छापलेला नमुना आला की सारे माना डोलावतात. २०२० च्या मार्च महिन्यात इटलीतील ब्रेशियाजवळच्या किआरी येथील रुग्णालयात ऑक्सिजनचे व्हेंचुरी व्हॉल्व्ह संपले, तेव्हा स्थानिक अभियंत्यांनी ते छापून दिले. ती आणीबाणी होती, पर्याय उरला नव्हता. एरवी आपल्या देशात २०१७ चे वैद्यकीय साधन नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत आणि १ एप्रिल २०२० पासून त्यांची व्याप्ती सर्वच वैद्यकीय साधनांपर्यंत नेण्यात आली. टेबलावरील नमुना आणि रुग्णावर लावलेला नमुना यांच्यामध्ये नैतिक समितीची परवानगी आणि पालकांची लेखी संमती उभी असते. मुलांच्या बाबतीत हे अंतर कमी करण्याची घाई कोणी करू नये.

आय.आय.टी. मुंबईत २०१४ मध्ये ‘बेटिक’ हे केंद्र सुरू झाले. डॉक्टरांच्या अडचणी ऐकून अभियंत्यांनी साधने घडवावीत, या हेतूने त्याचे काम पुणे आणि नागपूर येथील अभियांत्रिकी संस्थांपर्यंत गेले. बडोद्यात तर वैद्यकीय महाविद्यालय आणि कलाभवनातून वाढलेली अभियांत्रिकी शाखा या दोन्ही एकाच विद्यापीठाच्या आहेत, तरीही एकमेकांच्या आवारात त्यांचे जाणे-येणे क्वचितच घडते. आपल्या मंडळाने एखाद्या रविवारी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना बोलवावे, असे मी सुचवतो. येताना त्यांनी संगणक आणला नाही तरी चालेल. पुठ्ठा, कात्री आणि चिकटपट्टी पुरे. पहिला प्रश्न म्हणून दीड किलोच्या बाळाच्या नाकाला जुळणारी सी-पॅपची टोके घ्यावीत. दुसरा प्रश्न, बाटलीच्या स्पेसरला जोडता येईल असा, वर्षाखालील बाळाच्या गालावर फट न ठेवता बसणारा मास्क. त्याच्या आतील पोकळी किती असावी हे मोजण्यासाठी पाणी आणि दहा मिलिलिटरची सिरिंज मी घेऊन येईन.